स्त्रीवादी तत्त्वज्ञानाचा पायाभूत अभ्यासक्रम: आखणी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

विद्यापीठात स्त्रीवादी तत्त्वज्ञानाचा पहिला अभ्यासक्रम शिकवायला घेणारे अध्यापक बहुधा तीनपैकी एका वाटेने चुकतात. काही जण उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, समाजवादी अशी ‘वादां’ची यादी करतात आणि दर आठवड्याला एक वाद उरकतात. काही जण पहिली लाट, दुसरी लाट, तिसरी लाट असा इतिहास सांगत राहतात. उरलेले वर्गाला गोलाकार बसवून ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारतात आणि सत्र संपेपर्यंत तेच विचारत असतात. तिन्ही वर्गांतून बाहेर पडणारा विद्यार्थी साधारण सारखाच असतो. त्याला नावे आठवतात, त्याची मतेही ठाम असतात, पण एखादी लेखिका तिच्या निष्कर्षापर्यंत कोणत्या आधाराने पोहोचली हे त्याला सांगता येत नाही.

पुढील टप्पे 15 आठवडे आणि आठवड्याला दोन तासिका असे सत्र गृहीत धरून मांडले आहेत. पहिले चार टप्पे सत्र सुरू होण्यापूर्वीचे आहेत. माझ्या अनुभवात बहुतेक चुका तेथेच होतात आणि वर्गात त्यांचे केवळ परिणाम दिसतात.

टप्पा 1: शेवटचा प्रश्न आधी लिहावा

वाचनाची यादी करण्यापूर्वी सत्राच्या अखेरीस विचारायचा निबंधाचा प्रश्न लिहून काढावा. ‘लिंगभाव या संकल्पनेची चर्चा करा’ हा प्रश्न (लिंगभाव म्हणजे स्त्री किंवा पुरुष असण्याचा सामाजिक अर्थ) निरुपयोगी आहे, कारण त्याला पाठांतराने उत्तर देता येते. त्याऐवजी असा प्रश्न घ्यावा: ‘एखाद्या व्यक्तीने स्वखुशीने स्वीकारलेली व्यवस्था तिच्यासाठी अन्यायकारक असू शकते काय? अभ्यासलेल्या दोन लेखिकांच्या युक्तिवादांची आधारविधाने वेगळी काढून, त्यांपैकी एकीवरील सर्वांत भक्कम आक्षेप मांडा आणि त्याला उत्तर द्या.’ या प्रश्नासाठी लागणारी कौशल्ये तीन आहेत: विधानांचे प्रकार ओळखणे, युक्तिवाद आधारविधानांत उलगडणे आणि आपल्याला न पटणारी बाजू तिच्या उत्तम रूपात मांडणे. यापुढे अभ्यासक्रमात जे काही ठेवायचे त्याने या तीनपैकी एका तरी कौशल्याला हातभार लावला पाहिजे.

तपासणी: प्रश्नाचे उत्तर स्वतः एका पानात लिहून पाहावे. वर्गात एकदाही न येता केवळ चांगल्या सामान्यज्ञानावर ते लिहिता येत असेल, तर प्रश्न बदलावा.

टप्पा 2: वाद नव्हे, समस्या धरून आखणी करावी

वादांनुसार आखणी सोपी वाटते, कारण पाठ्यपुस्तके तशीच असतात. अ‍ॅलिसन जॅगर यांनी 1983 मध्ये केलेले उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल व समाजवादी असे वर्गीकरण अध्यापकाला आजही उपयोगी पडते. पण नवख्या विद्यार्थ्याला ते आधी दिले की तो प्रत्येक लेखिकेला एका खणात टाकतो आणि तिचे म्हणणे वाचणे थांबवतो. ‘ही जहाल आहे’ एवढे कळले की त्याचे काम संपते.

समस्यांचा पुढील क्रम मला सर्वांत टिकाऊ वाटला आहे. पहिल्या आठवड्यात विधानांचे प्रकार आणि ‘स्त्रीस्वभाव’ या युक्तिवादाची उलगड. आठवडे 2 व 3 दमन म्हणजे काय यासाठी, 4 व 5 लिंग आणि लिंगभावासाठी, 6 व 7 ‘स्त्रिया’ या शब्दात कोण येते आणि कोण सुटते यासाठी. आठव्या आठवड्यात नवे वाचन ठेवू नये. तो लेखनाचा आठवडा. त्यानंतर 9 व 10 मध्ये ज्ञान, 11 मध्ये काळजीची नीती (नाती आणि एकमेकांची जबाबदारी यांना केंद्रस्थानी ठेवणारा नीतिविचार), 12 मध्ये न्याय आणि कुटुंब, 13 मध्ये निवड आणि जुळवून घेतलेल्या इच्छा. शेवटचे दोन आठवडे आक्षेपांसाठी आणि निबंधासाठी मोकळे राहतात.

या क्रमात दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. दमनाचा प्रश्न लिंगभावाच्या आधी घेतला आहे, कारण लिंगभावाच्या काही महत्त्वाच्या व्याख्या, उदाहरणार्थ सॅली हॅस्लँगर यांची 2000 सालची, गौणत्वाच्या कल्पनेवरच उभ्या आहेत. दमन म्हणजे काय हे ठरलेले नसेल तर ती व्याख्या हवेत तरंगते. दुसरे म्हणजे स्त्रियांमधील भेदांचा विषय सहाव्या आठवड्यात आणला आहे. मी स्वतः पहिल्या वर्षी तो चौदाव्या आठवड्यात ठेवला होता. त्या आठवड्यात परीक्षांच्या गडबडीत दोन्ही तासिका बुडाल्या, आणि वंश, जात, वर्ग यांविषयी अवाक्षर न काढता माझा अभ्यासक्रम संपला. तासिका बुडाल्या हा अपघात होता, पण तो विषय बुडण्याच्या जागी ठेवण्याचा निर्णय माझा होता.

टप्पा 3: वाचन कमी ठेवावे आणि जोडीने द्यावे

आठवड्याला 20 ते 25 पाने पुरेशी आहेत, मात्र ती मूळ लेखनाची असावीत. सारांश देणारे पाठ्यपुस्तक अध्यापकाच्या टेबलावर राहू द्यावे. शक्य तेथे लेखिकेबरोबर तिने ज्याला उत्तर दिले आहे त्याचा उताराही द्यावा. मेरी वुलस्टनक्राफ्ट यांचे 1792 चे लेखन रूसोच्या ‘एमिल’मधील (1762) स्त्रीशिक्षणाविषयीच्या पाचव्या भागाशिवाय वाचले, तर त्यांचा त्रागा दिसतो आणि युक्तिवाद दिसत नाही. सूझन ओकिन यांच्या 1989 च्या टीकेबरोबर जॉन रॉल्स यांची न्यायाविषयीची 1971 मधील मूळ मांडणी दोन-तीन पाने तरी हवीच.

भाषांतराकडे बारकाईने पाहावे. सिमोन द बोव्हुआर यांच्या ‘द सेकंड सेक्स’चे (1949) इंग्रजीत दोन अनुवाद आहेत. 1953 च्या अनुवादात बरीच कापाकापी आहे, तर 2009 चा अनुवाद संपूर्ण आहे. वर्गात दोन्ही फिरत असतील तर पृष्ठक्रम जुळत नाहीत आणि अर्धी तासिका उतारा शोधण्यात जाते. दुसऱ्या खंडाच्या आरंभीचे प्रसिद्ध वाक्य तर या दोन अनुवादांत वेगळे आहे: जुन्यात ‘स्त्री’ या शब्दाआधी उपपद आहे, नव्यात नाही, आणि त्यावरून विद्वानांमध्ये बराच खल झाला आहे. मराठीत उपपदच नसल्याने तो वाद आपल्याकडे उरत नाही. आपली अडचण क्रियापदाची आहे. ‘स्त्री जन्माला येत नाही, ती घडवली जाते’ असे आपण सर्रास म्हणतो, पण मूळ फ्रेंच क्रियापद ‘होणे’ या अर्थाचे, कर्तरी आहे. ‘घडवली जाते’ म्हटले की सगळे कर्तृत्व समाजाकडे जाते आणि स्त्री मातीच्या गोळ्यासारखी उरते. बोव्हुआर यांचा अस्तित्ववादी मुद्दा असा की परिस्थिती कितीही जखडणारी असली तरी तिच्यात वावरणारी व्यक्ती स्वतःही काही होत असते. म्हणून ‘स्त्री म्हणून कोणी जन्मत नाही, स्त्री होत जाते’ असे काहीसे भाषांतर फळ्यावर लिहावे, त्याच्या शेजारी रूढ भाषांतर लिहावे आणि दोहोंत काय बदलते हे वर्गालाच विचारावे. या एका वाक्यावर वीस मिनिटे गेली तरी ती वाया जात नाहीत.

टप्पा 4: शब्दांचा तक्ता तयार करावा

मराठीतून शिकवताना ही तयारी टाळता येत नाही. ‘लिंग’ हा एकच शब्द आपल्याकडे शरीरातील अवयवासाठी, जैविक वर्गासाठी आणि व्याकरणातील पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंगासाठी वापरला जातो. त्यामुळे ‘लिंग ही सामाजिक रचना आहे काय?’ या प्रश्नाचे वर्गात तीन अर्थ लागतात आणि तीन गट एकमेकांशी न बोलता भांडत राहतात. जैविक वर्गासाठी ‘लिंग’ आणि सामाजिक अर्थासाठी ‘लिंगभाव’ असे आधी ठरवून घ्यावे; पुढे हा भेद कितपत टिकतो हा प्रश्न चौथ्या आठवड्यासाठी राखून ठेवावा. दमन, शोषण, अन्याय, विषमता आणि भेदभाव हे शब्दही वर्गात एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. प्रत्येक विषमता अन्याय्य असतेच असे नाही आणि प्रत्येक अन्याय म्हणजे दमन नव्हे.

तक्त्यात तीन स्तंभ ठेवावेत: शब्द, या वर्गापुरता ठरलेला अर्थ आणि तिसरा रिकामा. कोणत्या लेखिकेने तो शब्द वेगळ्या अर्थाने वापरला हे विद्यार्थ्यांनी सत्रभर त्या रिकाम्या स्तंभात भरावे.

सावधान: तक्ता छापून पाठ करायला देऊ नये. तसे केल्यास तो व्याख्यांचा पेपर होतो आणि तिसरा स्तंभ रिकामाच राहतो.

टप्पा 5: पहिली तासिका

पहिल्या तासिकेत ‘येथे कोण कोण स्वतःला स्त्रीवादी म्हणवतात?’ असे विचारू नये. या प्रश्नाने पहिल्या दहा मिनिटांत वर्गाचे दोन तट पडतात आणि पुढील चौदा आठवडे प्रत्येक जण आपला तट सांभाळतो. त्याऐवजी पाच वाक्ये द्यावीत आणि प्रत्येक वाक्य वर्णन करते, स्पष्टीकरण देते, व्याख्या करते की मूल्यनिर्णय देते, एवढेच ठरवायला सांगावे.

(1) घरातील बिनपगारी काम स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक करतात.
(2) त्या ते अधिक करतात, कारण लहानपणापासून त्यांना तसे वळण लावले जाते.
(3) ज्याचा मोबदला मिळत नाही ते कष्टही कामच होय.
(4) कामाची ही वाटणी अन्याय्य आहे.
(5) जिने ही वाटणी आपखुशीने स्वीकारली तिच्यावर अन्याय झालेला नसतो.

पहिल्या चार वाक्यांवर फारसे मतभेद होत नाहीत. दुसरे वाक्य चुकीचे असूनही चौथे खरे असू शकते, हे येथेच दाखवून द्यावे, कारण ‘कारण सांगितले म्हणजे समर्थन झाले’ हा गोंधळ पुढे सतत भेटणार आहे. पाचव्या वाक्यावर वर्ग फुटतो. ते मूल्यनिर्णयासारखे दिसते, पण त्यात ‘अन्याय’ आणि ‘आपखुशी’ या दोन्ही शब्दांची न सांगितलेली व्याख्या दडलेली आहे. येथे निकाल देऊ नये. प्रत्येकाला एका चिठ्ठीवर ‘मला पटते’ किंवा ‘मला पटत नाही’ आणि त्याचे एका वाक्यात कारण लिहायला सांगावे, चिठ्ठ्या गोळा कराव्यात आणि जपून ठेवाव्यात.

त्याच तासिकेत बोलण्याचे नियम सांगावेत. माझे तीन आहेत: कोणीही आपल्या लिंगभावाचे, जातीचे किंवा समूहाचे प्रतिनिधी म्हणून बोलायला बांधील नाही, स्वतःचा अनुभव सांगता येतो, पण त्याची सक्ती कधीही होणार नाही, आणि आक्षेप विधानावर घ्यावा, माणसावर नाही. वर्गात हिंसा, लैंगिक छळ, गर्भपात असे विषय कोणत्या आठवड्यात येणार आहेत हेही लेखी द्यावे, म्हणजे ज्याला तयारीने यायचे आहे त्याला तसे येता येईल. एखाद्या विद्यार्थिनीने तासिकेनंतर स्वतःबाबत घडलेला प्रसंग सांगितला तर काय करायचे, संस्थेत तक्रारीची आणि समुपदेशनाची सोय कोठे आहे, हे अध्यापकाला त्या दिवसापूर्वीच ठाऊक हवे. गुप्ततेचे सरसकट आश्वासन देऊ नये. काही प्रसंगी माहिती पुढे कळवणे नियमानेच बंधनकारक असते.

दुसऱ्या तासिकेत वुलस्टनक्राफ्ट यांच्या युक्तिवादाची उलगड करावी. सद्गुण स्वतःच्या विवेकातून येतो. विवेक शिक्षणाने विकसित होतो. स्त्रियांना ते शिक्षण नाकारले गेले आहे. म्हणून त्यांच्यात दिसणारे दोष हा त्यांच्या स्वभावाचा पुरावा होऊ शकत नाही. यातील कोणते आधारविधान काढले तर निष्कर्ष कोसळतो, एवढाच प्रश्न विचारावा. विद्यार्थ्यांना हा खेळ आवडतो, आणि सत्रभर तोच खेळायचा आहे.

टप्पा 6: दमन म्हणजे काय

या भागात घाई करू नये, कारण पुढचे सर्व यावर उभे आहे. मॅरिलिन फ्राय यांच्या 1983 च्या निबंधातील पिंजऱ्याची प्रतिमा फळ्यावर प्रत्यक्ष काढावी. आधी फक्त एक उभी तार काढावी आणि पक्षी तिला वळसा घालून का उडून जात नाही असे विचारावे. मग दुसरी, तिसरी अशा तारा वाढवाव्यात. एकेक तार जवळून तपासणाऱ्याला पिंजरा कधीच दिसत नाही. तारांची एकमेकींशी असलेली जोडणी पाहावी लागते. यानंतर कोंडीची कल्पना घ्यावी: ज्या प्रसंगात हे केले तरी दोष आणि ते केले तरी दोष. विद्यार्थ्यांना अशा प्रसंगांची यादी करायला सांगितली की ती क्षणात भरते.

खरे काम यानंतर सुरू होते. ‘पुरुषांनाही रडण्याची मुभा नसते, मग तेही दमितच नाहीत काय?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि अनेक अध्यापक तो उडवून लावतात. ही मोठी चूक आहे, कारण फ्राय यांनी स्वतः हा प्रश्न घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे की दुःख किंवा बंधन असणे पुरेसे नाही. ते बंधन कोणाच्या फायद्याच्या रचनेचा भाग आहे आणि ते त्या व्यक्तीवर कोणत्या गटाची सदस्य म्हणून येते, हे पाहावे लागते. विद्यार्थ्याचा आक्षेप आधी फळ्यावर पूर्ण लिहावा, मग फ्राय यांचे उत्तर लिहावे, आणि ते उत्तर पुरते काय हे वर्गावर सोडावे. मला स्वतःला ते पूर्ण पुरते असे वाटत नाही आणि मी तसे सांगतो. अध्यापकही लेखिकेशी असहमत असू शकतो हे वर्गाला एकदा दिसले की वातावरण मोकळे होते.

पुढच्या आठवड्यात आयरिस मॅरियन यंग यांनी 1990 मध्ये सांगितलेली दमनाची पाच रूपे घ्यावीत: शोषण, परिघावर ढकलणे, सत्ताहीनता, सांस्कृतिक साम्राज्यवाद आणि हिंसा. विद्यार्थी ही पाच नावे पाठ करतात आणि मुद्दा निसटतो. मुद्दा असा की यंग एक व्याख्या द्यायला नकार देतात आणि पाच निकष देतात, त्यांपैकी एकही लागू पडला तरी पुरते. एक व्याख्या असणे बरे की अनेक निकष असणे बरे, हा प्रश्न विचारला की दोन्ही लेखिका एकमेकींशी बोलू लागतात.

तपासणी: तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पाच मिनिटांत लेखी विचारावे: ‘अन्यायकारक आहे पण दमन नाही, असे एक उदाहरण द्या.’ अर्ध्या वर्गाला ते देता आले नाही, तर पुढे जाऊ नये.

टप्पा 7: लिंगभाव

हॅस्लँगर यांच्या लेखाची गुरुकिल्ली त्यांच्या प्रश्नात आहे. लोक ‘स्त्री’ हा शब्द कसा वापरतात असे त्या विचारत नाहीत. अन्यायाविरुद्ध काम करण्यासाठी आपल्याला ही संकल्पना कशी असायला हवी, असे विचारतात. हे न सांगता त्यांची व्याख्या (स्त्री म्हणजे शरीरावरून स्त्री मानली गेल्यामुळे समाजात गौण स्थान मिळालेली व्यक्ती) दिली की विद्यार्थी लगेच म्हणतात, ‘पण लोक असे म्हणत नाहीत’, आणि लेख संपतो. प्रश्न स्पष्ट केल्यानंतर प्रतिउदाहरण घ्यावे: कोठेही गौण स्थान नसलेली एखादी स्त्री या व्याख्येनुसार स्त्री उरत नाही, हे मान्य करावे काय? मग कॅथरीन जेन्किन्स यांचा 2016 चा आक्षेप घ्यावा. समाज ज्यांना स्त्री म्हणून ओळखत नाही अशा पारलिंगी स्त्रिया या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून लिंगभाव-ओळखीचीही संकल्पना तेवढीच मूलभूत मानावी, असे त्या म्हणतात. व्याख्येतून कोणी वगळले जात असेल तर ती व्याख्येची चूक मानावी की नाही, हा येथे शिकण्याचा प्रश्न आहे. वर्गातील पारलिंगी विद्यार्थ्यांकडे वळून ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारणे म्हणजे पहिला नियम अध्यापकानेच मोडणे होय.

ज्युडिथ बटलर यांचे 1990 चे लेखन या पातळीवर द्यायचे असेल तर चार-पाच पानांपेक्षा अधिक देऊ नये. लिंगभाव म्हणजे सकाळी उठून कपड्यासारखा निवडायचा वेश, असा गैरसमज हमखास होतो. बटलर यांना त्याचे निराकरण 1993 च्या पुस्तकात करावे लागले, तेव्हा तो आपल्या वर्गात झाला यात नवल नाही. लिंगभाव पुनःपुन्हा केलेल्या कृतींतून उभा राहतो, आणि त्या कृतींच्या आधी तयार असलेला कोणी ‘निवडणारा’ नसतो, एवढे पोहोचले तरी पुष्कळ झाले.

टप्पा 8: ‘स्त्रिया’ म्हणजे कोण

किंबर्ले क्रेनशॉ यांचा 1989 चा लेख अमूर्त संकल्पनेपासून सुरू करू नये. त्यातील खटल्यापासून सुरू करावा. अमेरिकेत 1976 मध्ये निकाल लागलेल्या या खटल्यात पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी एका मोटार कंपनीविरुद्ध दाद मागितली होती. कंपनीने 1964 पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते, त्यामुळे सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली तेव्हा त्या सर्वांत आधी बाहेर पडल्या. न्यायालयाने वंशभेद आणि लिंगभेद यांचा एकत्रित दावा स्वीकारला नाही. कंपनीत स्त्रिया कामाला होत्या, म्हणून लिंगभेद नाही. पण त्या स्त्रिया गौरवर्णीय होत्या. वंशभेदाची दाद स्वतंत्रपणे, कृष्णवर्णीय पुरुषांच्या दाव्याबरोबर मागावी असे सुचवले गेले. फळ्यावर चार चौकोन काढून हे दाखवावे: गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय असे दोन स्तंभ, स्त्रिया आणि पुरुष अशा दोन ओळी. दोन्ही कसोट्यांतून निसटणारा चौकोन विद्यार्थी आपणहून दाखवतात.

येथील नेहमीची चूक बेरजेची आहे. ‘एक भेदभाव अधिक दुसरा भेदभाव’ असे विद्यार्थी लिहितात आणि मग कोणाचे दुःख मोठे याची स्पर्धा लागते. क्रेनशॉ यांचा मुद्दा बेरजेविरुद्धच आहे: त्या चौकोनातील अन्याय उरलेल्या चौकोनांतील अन्याय एकत्र करून मिळत नाही.

याला जोडून गोपाळ गुरू यांचा 1995 चा आणि त्याला प्रतिसाद देणारा शर्मिला रेगे यांचा 1998 चा, दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याविषयीचे लेख द्यावेत. ‘वेगळेपणा मान्य करणे’ आणि ‘त्या वेगळेपणातून सर्वांना लागू होणारी भूमिदृष्टी (विशिष्ट सामाजिक स्थानावरून जगाकडे पाहण्याची दृष्टी) घडवणे’ यांतील फरक रेगे यांच्याइतक्या नेमकेपणाने फार थोड्या ठिकाणी सापडतो. हे लेख ‘स्थानिक उदाहरण’ म्हणून देऊ नयेत. ते सिद्धांत मांडतात आणि सिद्धांत म्हणूनच तपासले जावेत.

टप्पा 9: ज्ञान, काळजी, न्याय

भूमिदृष्टीच्या सिद्धांताबाबत एक गैरसमज आधीच खोडून काढावा: जी दमित आहे तिला सत्य आपोआप दिसते, असे नॅन्सी हार्टसॉक किंवा सँड्रा हार्डिंग म्हणत नाहीत. भूमिदृष्टी संघर्षातून आणि विचारातून मिळवावी लागते. मिरांडा फ्रिकर यांचे 2007 चे पुस्तक नवख्यांना सर्वांत सहज समजते. एखाद्या व्यक्तीविषयीच्या पूर्वग्रहामुळे तिच्या शब्दावर कमी विश्वास ठेवणे हा एक अन्याय, आणि आपला अनुभव समजून घेण्यासाठी समाजाच्या भाषेत शब्दच नसणे हा दुसरा. ‘लैंगिक छळ’ ही संज्ञा रूढ होण्यापूर्वी ज्यांनी तो सोसला त्यांच्याजवळ सोसणे होते, त्याचे नाव नव्हते.

काळजीच्या नीतीत कॅरल गिलिगन यांच्या 1982 च्या पुस्तकातील जेक आणि एमी या दोन अकरा वर्षांच्या मुलांची उत्तरे वाचावीत. मरणाच्या दारात असलेल्या पत्नीसाठी न परवडणारे औषध पतीने चोरावे की नाही हा प्रश्न जेक गणितासारखा सोडवतो, तर एमी प्रश्नाच्या मांडणीलाच हात घालते आणि औषधविक्रेत्याशी बोलण्याचा मार्ग शोधते. वर्ग येथून ‘स्त्रिया स्वभावतःच मायाळू असतात’ या निष्कर्षावर उडी मारतो. अशा वेळी पहिल्या आठवड्यातील वुलस्टनक्राफ्ट यांचा युक्तिवाद पुन्हा फळ्यावर आणावा आणि तो या उडीला लागू होतो काय, असे विचारावे.

न्यायासाठी ओकिन एकट्या पुरतात. न्यायाची तत्त्वे ठरवण्यासाठी रॉल्स यांनी जो करार कल्पिला तो करणारे लोक कुटुंबप्रमुख आहेत असे त्यांनी धरले, त्यामुळे कुटुंबाच्या आतील न्यायाचा प्रश्न उभाच राहिला नाही, हा मुद्दा एका तासिकेत स्वच्छ मांडता येतो.

टप्पा 10: आक्षेप, सहमती आणि पूर्वपक्ष

वर्गात उघड विरोध करणारा विद्यार्थी अध्यापकाला जेवढा अवघड वाटतो तेवढा तो नसतो. त्याचे विधान फळ्यावर लिहावे, त्यातील आधारविधाने त्याच्याकडूनच वेगळी करून घ्यावीत आणि मग वर्गाला द्यावीत. अवघड असतो तो सर्व गोष्टींना मान डोलावणारा विद्यार्थी. त्याला निष्कर्ष आधीच पटलेले असल्याने युक्तिवाद त्याला अनावश्यक वाटतात, आणि त्याचे निबंध घोषणांनी भरलेले असतात.

दोघांनाही एकच औषध लागू पडते, आणि त्यासाठी आपल्याकडे शब्दही तयार आहे: पूर्वपक्ष. उत्तर देण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा रूपात मांडायचे, ही शिस्त वर्गात सक्तीची करावी. ज्याला गिलिगन पटतात त्याने त्यांच्यावरील आक्षेप मांडावा. ज्याला त्या पटत नाहीत त्याने त्यांचा बचाव करावा.

सावधान: प्रत्येक गोष्ट पूर्वपक्षासाठी खुली नसते. वर्गात बसलेल्या कोणाच्या माणूसपणाला किंवा समान दर्जालाच आव्हान देणारे विधान वादाचा विषय म्हणून देऊ नये. ज्यांच्याविषयी वाद चालतो त्यांना इतरांप्रमाणे तटस्थपणे सराव करता येत नाही, आणि त्यांच्या शांततेला आपण सहमती समजून बसतो.

अनुभवकथनाबाबतही येथे दक्ष राहावे. अनुभव सांगितल्यावर वर्ग गप्प होतो, कारण त्याला उत्तर देणे उद्धटपणाचे वाटते. ‘हे सांगितल्याबद्दल आभार’ म्हणून थांबल्यास तो अनुभव युक्तिवादाबाहेर पडतो. सांगणारीची तयारी असेल तर विचारावे: ‘यातून एखादे सामान्य विधान निघते काय, आणि आपण वाचलेल्या कोणत्या संकल्पनेत ते बसत नाही?’ एखादी संकल्पना अपुरी असल्याचे वर्गाला पुष्कळदा याच मार्गाने कळते.

टप्पा 11: लेखन आणि मूल्यमापन

एकदम मोठा निबंध मागू नये. तिसऱ्या आठवड्यात 300 शब्दांत एका युक्तिवादाची उलगड, स्वतःचे मत वर्ज्य. आठव्या आठवड्यात 600 शब्दांत एक आक्षेप आणि लेखिकेचे संभाव्य उत्तर. शेवटी 1500 शब्दांचा निबंध. पहिल्या लेखनात मत वर्ज्य असल्यावर विद्यार्थी कुरकुरतात, पण ती अट सैल करू नये.

गुण कशाचे आहेत हे आधीच लिहून द्यावे, आणि त्यात निष्कर्षाला शून्य वाटा असावा. शक्य असेल तर नावे झाकून तपासावे. ‘समाजाने स्त्रियांवर नेहमीच अन्याय केला आहे’ असे वाक्य आले तर समासात ‘खरे आहे’ किंवा ‘छान’ असे लिहू नये. ‘हे वर्णन आहे की मूल्यनिर्णय? आधार कोणता?’ असे लिहावे. स्त्रीवादाच्या विरोधात जाणारा पण नेटकी आधारविधाने देणारा निबंध आणि स्त्रीवादाच्या बाजूने पण निव्वळ घोषणांचा निबंध, असे दोन शेजारी ठेवून आपण खरोखर कोणाला अधिक गुण दिले हे पाहावे. मी एकदा असे पाहिले तेव्हा दुसऱ्याला दोन गुण जास्त होते. तेव्हापासून मी पहिले पाच निबंध तपासून झाले की पुन्हा मागे जातो.

टप्पा 12: तेरावा आठवडा आणि चिठ्ठ्या

जुळवून घेतलेल्या इच्छांचा विषय मार्था नुसबॉम (2000) आणि सेरीन खादर (2011) यांच्या निवडक पानांतून घ्यावा. विपरीत परिस्थितीत माणूस आपल्या इच्छाच लहान करून घेतो, म्हणून ‘तिला हेच हवे आहे’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही, असे नुसबॉम दाखवतात. खादर त्यातील धोका दाखवतात: अशा स्त्रियांना निर्णयक्षमताच नाही असे मानले, तर त्यांच्या वतीने ठरवण्याचा परवाना इतरांना मिळतो.

ही पाने वाचून झाल्यावर पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत द्याव्यात. पाचव्या वाक्यावर लिहिलेल्या उत्तराखाली प्रत्येकाने आता दुसरे उत्तर लिहावे. मत बदलले पाहिजे असे नाही. कारण मात्र बदललेले किंवा वाढलेले असावे आणि ‘आपखुशी’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला हे नमूद केलेले असावे. चिठ्ठ्यांना गुण देऊ नयेत. त्या वाचून चौदाव्या आठवड्यातील पूर्वपक्षासाठी जोड्या लावाव्यात: ज्यांचे ‘पटते’ आहे आणि ज्यांचे ‘पटत नाही’ आहे त्यांना एकत्र बसवावे, आणि प्रत्येकाने आधी समोरच्याची चिठ्ठी मोठ्याने वाचून तिचा बचाव करावा.